खडूने आखलेलं घर

मुलांनो, तुमच्या घराची मोरी किती फूट लांब आहे, सांगा बरं! नाही ना येत? मलाही आलं नव्हतं. टेप घेऊन मोजली, तेव्हा कळलं. घरात आपण रोज वावरतो, पण त्याचं दार कुठे, खिडकी कुठे, पायऱ्या किती, हे सगळं बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणीतरी ठरवलेलं असतं. आपण नुसतं सामान घेऊन राहायला जायचं.

पण राहणाऱ्यांनीच ठरवलं तर? आज त्याचीच गोष्ट सांगते. खरी आहे, बरं का.

मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर झोपड्या बांधून खूप कुटुंबं राहत असत. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, की महापालिका आधी नोटीस देऊन या झोपड्या हटवू शकते. सगळ्यांच्या पोटात गोळाच आला. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत ‘स्पार्क’ नावाची संस्था सुरू झाली होती. तिने फुटपाथवरच्या लोकांची मोजणी केली. ही माणसं कोण, कुठून आली, काय काम करतात, याची तोवर नीट नोंदच नव्हती! पुढे 1986 मध्ये तिथल्या बायकांनी ‘महिला मिलन’ सुरू केलं. थोडे थोडे पैसे साठवायचे आणि घराचा विचार करायचा.

नुसता विचार नाही हं. या बायकांनी स्वतः घर आखायला घेतलं. कागदावरचा नकाशा त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना वाचता येत नव्हता. (खरं सांगू? तो मलाही पटकन कळत नाही.) मग त्यांनी काय करावं? लाकडाच्या चौकटी आणि कापड घेऊन चक्क खऱ्या मापाचं घर उभं केलं! आत शिरायचं, चालून बघायचं. चूल इथे ठेवली तर धूर कुठे जाईल? पाहुणे आले तर झोपतील कुठे? पटलं नाही तर कापड सरकवायचं. विटांची भिंत अशी सरकवता येते का? शिवाय प्रत्येक भिंतीला किती पैसे लागतील, याचाही हिशोब मांडायचा. मोठ्या घराचं स्वप्न हिशोबात बसेना, तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. खोली लहान, पण चौदा फूट उंच. म्हणजे आत पोटमाळा टाकता येतो आणि तेवढ्याच जागेत जास्त माणसं मावतात. वास्तुविशारद मदतीला होते, पण ‘आम्हांला काय हवं’ हे बायकाच सांगत होत्या. घरं उभी राहायला पुढे फार वर्षं लागली, हेही सांगायला हवं.

तसंच काम नंतर आमच्या पुण्यात, येरवड्याच्या वस्त्यांमध्ये झालं. केंद्र सरकारने 2005 साली शहरांसाठी एक मोठी योजना आणली होती, तिच्यातून. पक्की घरं तशीच ठेवायची, फक्त कच्ची पाडून त्याच जागी नवी बांधायची. त्यामुळे शेजार, शाळा, कामाची जागा सुटत नाही. घर 270 चौरस फुटांचं. किमतीचा दहावा हिस्सा कुटुंबाने भरायचा, बाकीचा सरकारने आणि महापालिकेने. वास्तुविशारद प्रसन्न देसाई आणि त्यांचे सहकारी लोकांबरोबर बसून आराखडे करत. कोणाची जागा अगदीच चिमुकली, मग घर वर चढवायचं. कुठे शेजाऱ्यांनी जागा एकत्र करायच्या.

हे वर्गात सांगितल्यावर मुलं म्हणाली, “बाई, 270 चौरस फूट म्हणजे केवढं?” मग काय, खडू घेऊन गेलो मैदानावर. पंधरा फूट बाय अठरा फूट. करा गुणाकार! चौकट आखली, आणि जो तो आपली खोली काढायला लागला. कोणी टीव्ही ठेवला, कोणी आजीची खाट. मोरीचं दार दोन फुटांचं काढलं.

आमच्या वर्गात एक मुलगी चाकांच्या खुर्चीवर येते. इथे तिला ठकी म्हणू. ती म्हणाली, “आता मी येते घरात.” आली, आणि मोरीच्या दाराशी खुर्ची अडकली. म्हणजे रेघेवरून चाक गेलं. मुलं ओरडली, “भिंत पाडली, भिंत पाडली!” ती हसली, मग म्हणाली, “आमच्या घरी खरंच अशीच अडते.”

आम्ही रेघ पुसली. दार तीन फूट रुंद हवं, हे मी पुस्तकात पाहिलं होतं. खुर्ची जागच्या जागी वळवायला पाच फुटांचं वर्तुळ लागतं, म्हणून टीव्ही उचलला. आणि पोटमाळ्याची शिडी? ती ठकीला चढता येणार नाही. भायखळ्याची ती युक्ती मला फार आवडते, पण प्रत्येक घराला चालत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

ठकी एका नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते. लिफ्ट बंद असली, की तिची शाळा बुडते. शिवाय दाराशी तीन पायऱ्या. मुलांनी ठरवलं, मोजायच्या! एकेक पायरी सहा इंच, एकूण अठरा. एक इंच चढायला बारा इंच लांब उतार हवा. म्हणजे किती फूट? बरोबर, अठरा! तेवढी जागा होती, फक्त तिथे स्कूटरी लावलेल्या असत.

मुलांनी सगळी मापं घालून आकृती काढली. ठकीच्या वडलांनी ती इमारतीच्या बैठकीत नेली. स्कूटरवाल्यांनी पुष्कळ कटकट केली. पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा गुडघा दुखतो, गॅसचं सिलिंडरही रोज कोणाचं ना कोणाचं वर येतंच. वर्गणी काढून उतार झाला.

लिफ्टचं भांडण मात्र अजून चालू आहे. गेल्या सोमवारी ठकी पुन्हा आली नव्हती.