वेळापूरला चालतच जावं

आषाढातल्या एका रात्रीपुरतं वेळापूर लाखभर माणसांचं गाव होतं. ज्ञानेश्वर माऊलींची पालखी माळशिरसहून निघते आणि संध्याकाळी इथल्या तळावर विसावते. रिकाम्या रानात राहुट्या उभ्या राहतात, टँकरपाशी घागरी आणि कळश्यांची रांग लागते, चुली पेटतात. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळं आवरून माणसं भंडीशेगावच्या वाटेला लागतात. दुपारी पाहावं तर गाव पुन्हा नेहमीचं, फक्त रस्त्याकडेला विझलेल्या चुलींचे तीन-तीन दगड राहिलेले.

या लाखांतले थोडेच जण गावातल्या अर्धनारी नटेश्वराच्या देवळात टेकतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आळंदीपासून जवळपास दोनशे किलोमीटर चाललेली ती पावलं असतात आणि डोळ्यांपुढे पंढरपूर असतं. पण म्हणूनच वेळापूरला एकदा वारी नसतानाही जावं, आणि तेही चालत, असं मला वाटत आलं होतं. पौषातल्या एका शनिवारी आम्ही आठ जण माळशिरसच्या एसटी स्टँडवर उतरलो. आमच्या पुढे होते याच तालुक्यातले एक वयस्क वारकरी. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायचो. ते मात्र आम्हा प्रत्येकाला, अगदी कॉलेजातल्या मुलीलाही, माऊली म्हणायचे.

आमच्यातल्या एक ताई आदल्या वर्षी चीनच्या भिंतीवर चालून आल्या होत्या. बाबांनी त्यांना वाटेत खोदून खोदून विचारलं. बारा-चौदा जणांचा गट, पुढे वाट जाणणारा वाटाड्या, जड सामान गाडीतून पुढच्या मुक्कामी आणि माणसं पायी, असा तो प्रवास. बीजिंगच्या ईशान्येला गुबेइकोउ आणि जिनशानलिंग या भागात भिंत डोंगराच्या कण्यावरून जाते. कुठे डागडुजी केलेली, कुठे पडझड झालेली आणि झुडपांनी धरलेली. रात्री पायथ्याच्या गावात मुक्काम, सकाळी पुन्हा चढण. बाबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे दिंडीच की, माऊली."

खरंच, फरक काय? दिंडीतही सामान ट्रकमध्ये आणि माणसं पायी. पुढे पताकावाले, मग टाळकरी, मध्ये पखवाज, वीणा घेतलेला विणेकरी आणि डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया. निघण्याआधी प्रत्येकाने भिशी भरलेली असते. तिच्यातून दोन वेळचं जेवण, तंबू आणि पाणी यांचा खर्च चालतो. कुणी कुठल्या राहुटीत झोपायचं, पहाटे किती वाजता उठायचं, वाटेत मागे राहिलेल्याला कुणी पाहायचं, हे ठरलेलं असतं. पालखीच्या रथापुढे सत्तावीस दिंड्या आणि मागे त्यांच्या कितीतरी पट. प्रत्येकीला क्रमांक आहे आणि तो मोडत नाही. वाट जाणणाऱ्याच्या मागे लहान गटाने चालायचं, ही रीत आपल्याकडे अशी मुरलेली आहे.

या सोहळ्याला आजची शिस्त दिली ती हैबतबाबा आरफळकरांनी. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हे गृहस्थ शिंद्यांच्या पदरी सरदार होते. देहूहून निघणाऱ्या तुकोबांच्या पालखीची परंपरा त्याआधीची, 1685 साली तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी सुरू केलेली. हैबतबाबांनी 1832 च्या सुमारास ज्ञानेश्वरांचा सोहळा स्वतंत्र केला आणि अंकलीच्या शितोळे सरदारांनी त्याला घोडे आणि तंबू दिले. आजही माऊलींचे अश्व अंकलीहूनच येतात. फौजेत वावरलेल्या माणसाने बसवलेली ही घडी आहे, हे तळ पाहिला की लगेच कळतं.

तळावरच्या समाज आरतीत तर ते पुरतंच पटतं. पालखी तळावर येते तेव्हा सगळ्या दिंड्या गोल करून उभ्या राहतात. शेकडो पखवाज आणि हजारो टाळ एका वेळी वाजत असतात, शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. चोपदार हातातला दंड वर करतो आणि एका क्षणात सगळं थांबतं. मात्र एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, पाणी मिळालं नाही, जागा मिळाली नाही, कुणी क्रम मोडला, तर ती दिंडी टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातो, गाऱ्हाणं ऐकून घेतो, निवाडा होतो आणि मग ते टाळ थांबतात. त्यानंतर हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तूंची यादी, उद्या निघण्याची वेळ, आणि आरती. लाखाच्या समुदायात एका लहान दिंडीला सगळ्यांना थांबवून आपलं म्हणणं मांडता येतं, याचं मला फार अप्रूप आहे. आपल्या ग्रामसभांनी शिकावं असं हे आहे.

वारीत सगळंच गोड होतं असंही नाही. इरावती कर्वे यांनी दिंडीतून चालून 'वाटचाल' हा लेख लिहिला. एकाच दिंडीत चालणारी आणि एकच अभंग म्हणणारी माणसं जेवायला मात्र जातीजातीने वेगळी बसतात, याचं दुःख त्यांनी त्यात मोकळेपणाने मांडलं. दि. बा. मोकाशींच्या 'पालखी' या पुस्तकातही भक्तीच्या शेजारी भूक, भांडणं आणि एकटेपण आहे. निघण्यापूर्वी या दोन्ही गोष्टी वाचाव्यात. वाट नीट दिसते.

माळशिरस सोडलं की खुडूस लागतं. खुडूस फाट्यावर वारीत गोल रिंगण होतं. रिंगणात एका घोड्यावर स्वार असतो आणि दुसरा मोकळा, तो माऊलींचा. तो धावला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. पौषात तिथे काहीच नव्हतं. मोकळं रान, बाजूला ऊस, आणि ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या कारखान्याकडे निघालेल्या. हा मुलूख कमी पावसाचा. नीरेच्या उजव्या कालव्याने पाणी आणलं आणि माळरानाचा ऊस झाला. जवळच माळीनगर आणि अकलूज इथे साखर कारखाने उभे राहिले. चालताना ही गोष्ट डोळ्यांना कळते. कालव्याच्या एका अंगाला हिरवंगार आणि चढावर गेलं की लगेच कुसळं, बाभळी आणि मेंढरं.

वेळापूरच्या अलीकडे धावाबावीचा उतार येतो. वारकरी सांगतात की या टेकाडावरून तुकोबांना पंढरीच्या देवळाचा कळस दिसला आणि ते धावत सुटले. त्या आठवणीने वारीत प्रत्येक दिंडी इथे उतारावरून पळते. म्हातारी माणसं चप्पल हातात घेऊन पळतात, तुळस डोक्यावर असलेली बाई एका हाताने वृंदावन सावरत पळते. याच परिसरात मानाचं भारूडही होतं. आम्ही आठ जण तिथे पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजून गेले होते आणि पाय बोलायला लागले होते. बाबा टेकाडावर उभे राहिले, पूर्वेकडे हात जोडले, आणि काही न सांगता धावायला लागले. त्यांच्या मागे आम्हीही. पंढरपूर तिथून आणखी पस्तीसेक किलोमीटर लांब आहे, कळस काही दिसत नाही. पण खाली पोचल्यावर आमच्यातलं कुणी हसत नव्हतं.

दुपारची भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन आम्ही देवळात गेलो. वेळापूरचं हे देऊळ यादवकाळातलं, ज्याला आपण हेमाडपंती म्हणतो त्या बांधणीचं. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. त्याच्या नावावर महाराष्ट्रातलं प्रत्येक जुनं दगडी देऊळ खपवायची आपल्याला सवय आहे. इथे निदान काळ तरी जुळतो. चुना न वापरता, घडीव दगड एकमेकांत बसवून रचलेल्या भिंती, आत थंडगार सभामंडप, आणि गाभाऱ्यात शंकर-पार्वतीचं एकत्र रूप. पंचक्रोशीतल्या कितीतरी घरांचं हे कुलदैवत. चैत्रात इथे यात्रा भरते.

पण वेळापूरचं सगळ्यात मोठं धन देवळाइतकंच त्याच्या लेखांत आहे. इथे रामचंद्रदेव यादवाच्या कारकिर्दीतले जुन्या मराठीतले शिलालेख आहेत. त्यांतला एक शके 1222 चा, म्हणजे इसवी सन 1300 चा. शं. गो. तुळपुळे यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या ग्रंथामुळे अभ्यासकांना ते परिचित आहेत. आता थोडा हिशेब करा. ज्ञानेश्वरी शके 1212 ची. तिच्या अखेरीस ज्ञानेश्वरांनी ज्या राजाचा उल्लेख केला, तो हाच रामचंद्र. 1296 साली ज्ञानेश्वरांनी आळंदीत समाधी घेतली आणि त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. त्यानंतर चार वर्षांनी, राज्य खंडणीच्या ओझ्याखाली असताना, वेळापुरात कुणीतरी त्या राजाचं नाव मराठीत दगडावर कोरून घेतलं.

आणि दर आषाढात ज्ञानेश्वरांच्या पादुका या गावात एक रात्र मुक्कामाला असतात. ज्या राजाच्या काळात त्यांनी मराठीत गीता सांगितली, त्याच राजाचं त्याच मराठीतलं नाव तिथून काही अंतरावर दगडात आहे. पालखी मार्गावर याहून मोठी भेट दुसरी नसेल, असं माझं मत आहे. पण तळावर आलेल्या माणसाला हे सांगायला कुणी उभं नसतं.

चीनला जाऊन आलेल्या ताई इथे बराच वेळ गप्प होत्या. त्यांना तिथल्या वाटाड्याने सांगितलं होतं, की हिंडणारे लोक भिंतीच्या ज्या भागावर चालतात तो बहुतेक मिंग राजवटीतला आहे. त्या राजवटीची सुरुवात 1368 ची. जिनशानलिंगचे बुरूज तर ची जिग्वांग या सेनापतीने 1568 नंतर उत्तर सीमा सांभाळायला आल्यावर बांधून घेतले. म्हणजे वेळापूरचा हा लेख कोरला गेला तेव्हा त्या विटा भाजल्याही गेल्या नव्हत्या. "आम्ही तिथे प्रत्येक बुरुजापाशी थांबून ऐकलं," त्या म्हणाल्या, "आणि हे माझ्या माहेरच्या वाटेवर आहे."

देवळाच्या आवारात वीरगळही मांडलेले आहेत. जाणारे-येणारे त्यांना शेंदूर लावून देव करतात, किंवा नुसते ओलांडून जातात. वीरगळ वाचायचा असतो, खालून वर. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई किंवा मरून पडलेला वीर. तिथे गाई कोरलेल्या दिसल्या तर समजावं की गावाची गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना तो गेला. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला उचलून स्वर्गात नेतात. त्याच्यावर तो शिवलिंगाची पूजा करत बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आकाशात असेपर्यंत याचं नाव राहावं. नाव मात्र बहुतेक दगडांवर कोरलेलं नसतं. बाबांनी कॉलेजातल्या मुलीला एका दगडापुढे बसवलं आणि बोटाने एकेक चौकट दाखवली. ते कधी कुठल्या विद्यापीठात शिकले नव्हते. त्यांच्या आजोबांनी त्यांना असंच बसवून दाखवलं होतं. पाचव्या मिनिटाला ती मुलगी पुढचा दगड स्वतः वाचायला लागली.

म्हणून सांगतो, वेळापूरला बसने येऊन, दर्शन घेऊन, पुढे पंढरपूर गाठण्यात काही हाती लागत नाही. दोन दिवसांची वाट आखावी. पहिल्या दिवशी माळशिरस ते वेळापूर, अठरा-एकोणीस किलोमीटर. रात्री गावात मुक्काम, सकाळचे दोन तास देवळात. मग ठाकूरबुवांच्या समाधीवरून भंडीशेगाव, ते आणखी वीस-एकवीस किलोमीटर. दहा-बारा जणांहून मोठा गट नको, नाहीतर वीरगळापुढे सगळ्यांना बसता येत नाही. कार्तिक ते माघ हा काळ बरा. पहाटे लवकर निघावं, कारण दुपारच्या टप्प्यात सावली कमीच आहे.

वाटही आता बदलते आहे. 8 नोव्हेंबर 2021 रोजी ज्ञानेश्वर आणि तुकाराम या दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाच्या कामाची पायाभरणी झाली. दिवेघाट ते मोहोळ सुमारे 221 किलोमीटर, पाटस ते तोंडले-बोंडले सुमारे 130 किलोमीटर. कडेने पायी चालणाऱ्यांसाठी वेगळा पट्टाही योजनेत आहे. वारकऱ्यांना वाहनांच्या धक्क्यापासून आडोसा मिळणार असेल तर ते चांगलंच आहे. पण हा पट्टा वर्षातले पंधरा-वीस दिवस वापरायचा आणि बाकी अकरा महिने मोकळा ठेवायचा, हे बरं नव्हे. त्याच्यावर माणसं चालती राहिली तर वाटेवरच्या गावांना चार पैसे मिळतील आणि दगडांकडे कुणाचं तरी लक्ष राहील.

वेळापूरच्या ग्रामपंचायतीला आणि इथल्या शाळा-महाविद्यालयांना माझी एवढीच विनंती आहे. शिलालेखाचा आजच्या मराठीतला अर्थ एका स्वच्छ फलकावर लिहून तिथे लावा. वीरगळांना शेंदूर लागणार नाही असं कुंपण करा. आणि गावातल्या दहा मुला-मुलींना हे दगड वाचायला शिकवा. बाबांसारखी माणसं अजून आहेत, त्यांच्याकडूनच शिकवा. पुढच्या आषाढात पालखी तळावर आली की ही दहा मुलं देवळाच्या दारात उभी राहू देत, आणि थकून आलेल्या माऊलींना तो शके 1222 चा दगड दाखवू देत.