देव चांगला, मग दुखणं का?

मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन इस्पितळ सुरू केलं. दुखण्याच्या मुळाशी पाप असतं का, हा प्रश्न अशी इस्पितळं उभारणाऱ्या ख्रिस्ती परंपरेलाही छळत आला आहे. संत ऑगस्टिन (३५४–४३०) वाईटाला चांगल्याचा अभाव मानतात. खाटेवरच्या रोग्याला त्याचा काय दिलासा, कोण जाणे! बायबलातला ईयोब मात्र निर्दोष असूनही सगळं गमावतो आणि थेट देवालाच जाब विचारतो. योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय ९) जन्मांधाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचं? येशू त्याला किंवा आईबापांना दोष देत नाही. थुंकीने माती कालवून त्याच्या डोळ्यांना लावतो.