दुधाची पिशवी विकली जाते, वेफर्सचे पाकीट का नाही?

दुधाची रिकामी पिशवी आणि वेफर्सचे रिकामे पाकीट आपल्याला सारखेच वाटते. दोन्ही प्लास्टिक, दोन्ही सुक्या कचऱ्याच्या डब्यात. पुण्यात दारोदार कचरा गोळा करणारी कचरावेचक मात्र पिशवी वेगळी काढते, कारण भंगारवाला तिचे किलोवर पैसे देतो. पाकीट तिला नुसतेच वाहून न्यावे लागते. त्याला सहसा कोणी विचारत नाही.

दुधाची पिशवी बहुधा तीन थरांची असते, पण तिन्ही थर पॉलिएथिलिनचेच, एकाच कुळातले. म्हणून पिशव्यांचे तुकडे करून, धुऊन ते वितळवले की सगळे एकजीव होते. हा लगदा यंत्राच्या भोकांतून शेवेसारखा बाहेर पडतो, पाण्यात गार होतो आणि मग त्याचे बारीक तुकडे पाडतात. धंद्यात याला ‘दाणा’ म्हणतात. पिशव्यांवरच्या छपाईमुळे दाणा काळपट निघतो. त्याचे पाइप होतात, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या होतात. दुधाची पिशवी पुन्हा होत नाही. म्हणजे नव्या पिशवीला नवेच प्लास्टिक लागते, हेही लक्षात ठेवायला हवे.

आता वेफर्सचे पाकीट. बाहेर छपाईची पॉलिप्रॉपिलिनची फिल्म, तिच्या आत अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा, आणि सर्वांत आत उष्णतेने चिकटणारा थर. ही रचना उगाच केलेली नाही. तळलेल्या पदार्थाला हवा, दमट वातावरण आणि उजेड लागला की तेल खवट होते, वेफर्स मऊ पडतात. पाकिटात हवेऐवजी नायट्रोजन भरतात तोही याचसाठी. एवढी काळजी घेतल्यामुळे कारखान्यातून निघालेले वेफर्स महिनोन्‌महिने दुकानात टांगून ठेवता येतात. पण तेच थर पुढे एकमेकांपासून सुटत नाहीत. सगळे एकत्र वितळवले तर कमकुवत, मिसळीचा माल निघतो आणि त्याला गिऱ्हाईक नसते. बिस्किटांचे पुडे, मसाल्यांची पाकिटे, शाम्पूच्या पुड्या यांची बहुतेक हीच गत. त्यातला थोडा माल सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातो, बाकीचा कचरा डेपोत नाही तर नाल्यात. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या माथी मारला गेला. तिथल्या विहिरींचे पाणी नासले.

अशी पाकिटे बंद व्हावीत असा विचार सरकारने केला नव्हता असे नाही. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत पुनर्वापर न होणारी बहुथरी पाकिटे दोन वर्षांत हद्दपार करायची होती. २०१८ मध्ये त्यात दुरुस्ती झाली: ज्यातून ऊर्जासुद्धा मिळवता येत नाही, तेवढीच बंद. जाळता येते ते चालेल, असा त्याचा अर्थ निघाला. माझ्या मते ही माघारच होती, आणि तिचे ओझे कचरावेचकांच्या डोक्यावर आले.

या बायका, बहुसंख्य दलित समाजातल्या, पूर्वी कचराकुंड्या उपसत. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. दरमहा घराघरातून मिळणारे सेवाशुल्क आणि विकलेल्या भंगाराचे पैसे, यावर या बायकांचा संसार चालतो. म्हणून आपण काय विकत घेतो आणि कसे टाकतो, हे थेट त्यांच्या कमाईत उतरते. ओल्यात बरबटलेली पिशवी भंगारवाला कमी भावात घेतो किंवा घेतच नाही. सॅनिटरी पॅड उघडे टाकले तर ते हातांनी उचलावे लागते. कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, ही साधी मागणी त्यांनी किती वर्षे चालवली आहे!

दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. सुटलेला चिमुकला तुकडा हाताला लागत नाही, चाळणीतूनही निसटतो आणि ओल्या कचऱ्याबरोबर खतात जातो. चीर द्या, तुकडा पिशवीलाच राहू द्या. पिशवी विसळून तेच पाणी दुधात घालायची सवय अनेक घरांत आहेच. नंतर ती फक्त वाळवायची.

खरा फरक मात्र दुकानात पडतो. आठवड्यात खाऊन संपणाऱ्या वेफर्सना महिनोन्‌महिने टिकवणारे पाकीट कशाला? ताजे वेफर्स तळणाऱ्याकडे घरचा डबा घेऊन जा. शाम्पूच्या पुड्यांऐवजी परवडेल तेव्हा बाटली घ्या. तिला भंगारात भाव असतो.

आणि महिन्याचे सेवाशुल्क मागायला कचरावेचक दारात आली, की “नंतर या” म्हणून तिला परत पाठवू नका. तिला दुसरा कुठलाही पगार मिळत नाही.