ऊन दुपारी, गिऱ्हाईक संध्याकाळी : वीज साठवायची कुठे?

सौर वीज स्वस्त पडते, हे आता छोट्या दुकानदारालाही ठाऊक आहे. अडचण एवढीच की ऊन दुपारी असते आणि दिवे लागतात संध्याकाळी. ही तफावत भरून काढण्याची सोय कर्जत-खालापूरच्या डोंगरात आहे.

लोणावळा भागातील तलावांचे पाणी घाटाखाली आणून टाटांनी १९१५ साली खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. १९२२ साली भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. आज त्यांची क्षमता अनुक्रमे ७२ व ७५ मेगावॅट आहे. पाण्यावरचे जनित्र काही मिनिटांत सुरू होते, हा त्याचा मोठा गुण.

पुढचे पाऊल पाणी परत वर चढवण्याचे. दुपारच्या जादा विजेवर पंप चालवायचे, संध्याकाळी तेच पाणी खाली सोडायचे. थोडी वीज खर्ची पडते, पण गरजेच्या वेळी हाती येते. भिवपुरीला असा १००० मेगावॅटचा प्रकल्प उभारण्यासाठी टाटा पॉवरने ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार केला.

कारागीर बंधूंनी यातला हिशेब ओळखावा. बॅटरी नसलेला, लाइनला जोडलेला सौर संच लाइन गेली की आपोआप बंद पडतो. खांबावरच्या वायरमनला झटका बसू नये म्हणून. वेल्डिंगसारख्या जड कामाला बॅटरीही लवकर संपते. म्हणून संच घेण्यापूर्वी विचारा : लाइन गेल्यावर कोणती यंत्रे चालतील, आणि किती तास? उत्तर कोटेशनमध्ये लिहून घ्या, मगच बयाणा द्या.