पांढऱ्या उंदराचा तपकिरी पाय

पांढऱ्याशुभ्र उंदराच्या मागच्या बाजूला एक तपकिरी पाय. असा फोटो पाहिला आणि ओळखीपाळखी काढून मी ती प्रयोगशाळा गाठली. उंदीर लुइस जातीचा, पाय ब्राउन नॉर्वे जातीच्या उंदराचा. एकाचं शरीर दुसऱ्याला परकं मानणारच, म्हणून ही जोडी निवडलेली.

भूल देणं, केस काढणं, हाड जोडणं भराभर उरकतं. वेळ खातात त्या मांडीतल्या रक्तवाहिन्या. रोहिणी जेमतेम एक मिलिमीटरची, धागा नुसत्या डोळ्यांना दिसेल न दिसेल असा. चिमटा सुटला की पांढराफटक पंजा बघता बघता गुलाबी होतो.

"सात दिवस हं," पिंजरे सांभाळणारे काका म्हणाले. औषधाविना ठेवलेल्या उंदरांचा हा हिशेब. आधी लाली, मग सूज, मग कातडी सुटते, शेवटी पाय काळा पडून वाळतो. स्नायू आणि हाडाआधी शरीर कातडीवरच तुटून पडतं. म्हणून काका रोज सकाळी एकेक उंदीर तळहातावर घेतात, दिव्याखाली बोटं फाकवून बघतात आणि वहीत आकडा लिहितात. लुइसचाच पाय लुइसला लावला तर यातलं काही होत नाही. म्हणजे दोष टाक्यांचा नव्हे.

हे सगळं कशासाठी? 1998मध्ये फ्रान्समधल्या लिऑनला हात-प्रत्यारोपण झालं. रुग्णाने औषधं सोडली आणि 2001मध्ये तो हात काढावा लागला. घाटकोपर स्टेशनवर 2014मध्ये दोन्ही हात गमावलेल्या तरुणीला 2020मध्ये मुंबईत नवे हात मिळाले. हाताविना जीव जात नाही. पण लावलेला हात टिकवायला जन्मभर औषधं घ्यावी लागतात, आणि ती मूत्रपिंडांना भोवतात, जंतुसंसर्गाला वाट देतात. ती कमी करता येतील का, हा शोध आहे. उंदरात थोड्या दिवसांच्या औषधाने साधतं ते माणसात साधतंच असं नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

तरी तुलनेसाठी औषधाविना एक गट लागतोच, असं तिथली तरुण संशोधक सांगते. ते मान्य. काकांचा आग्रह एवढाच, की कातडी सुटायला लागली की उंदराला सोडवायचं, पाय काळा पडायची वाट बघायची नाही. "पाय गेला हे तेव्हाच कळलेलं असतं ना, ताई? मग सात कशाला भरायचे?"

मला काकांचं पटलं. पुढचा प्रत्येक दिवस वहीत नवं काही घालत नाही. तो फक्त उंदराला सोसावा लागतो.