तिळारीचा पाऊस आणि माझं जॅकेट

परवा तिळारी घाट चढताना जॅकेटवरून थेंब घरंगळत होते आणि आत मी चिंब! गळतंय म्हणून वैतागलो. निघाला घाम.

बऱ्याच 'श्वास घेणाऱ्या' जॅकेटांच्या पडद्याला अतिसूक्ष्म छिद्रं असतात. थेंब आत शिरत नाही, वाफ बाहेर पडते. गोर-टेक्स याच तत्त्वावर चालतं. १९६९मध्ये बॉब गोर यांना ताणलेल्या टेफ्लॉनची ही करामत सापडली.

पण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. जुलैत तिळारी घाटात कुठली कोरडी हवा? म्हणून काखेत चेन असलेलं, सैलसर जॅकेट घ्या. लेबलवरचा १०,००० मिमी हा आकडा पाणी अडवण्याचा, घाम घालवण्याचा नव्हे.

त्यापेक्षा आजीचं पानांचं इरलं बरं, खालून उघडंच! भातलावणीला वाकली तरी पाठ कोरडी आणि वारा मोकळा.