पिवळे पान काय सांगते? अनुमानाविषयी आणखी थोडे

मागच्या व्याख्यानात आपण अनुमान-प्रमाण पाहिले. धूर आणि अग्नी ऐकून ऐकून आपले कान किटले असतील, म्हणून आज वेगळे उदाहरण घेऊ: मातीशिवाय, खत विरघळवलेल्या पाण्यात वाढणारे रोप. याला हायड्रोपोनिक्स म्हणतात. लेट्यूस, पालक, टोमॅटो असे वाढवतात.

आता पान पिवळे पडले. आपण लगेच म्हणतो, "खत कमी पडलं," आणि टाकीत खत ओततो. बघा, हे अनुमानच झाले, कार्यावरून कारणाचे. न्यायदर्शनात याला 'शेषवत्' म्हणतात. वात्स्यायनांचे उदाहरण असे: नदीला पूर दिसला, म्हणजे वर पाऊस झाला. पण न्यायसूत्रांतच पूर्वपक्षी विचारतो, खाली कुठे प्रवाह अडला तरीही पाणी चढतेच की! उत्तर मार्मिक आहे. नुसते चढलेले पाणी हा हेतू नव्हेच. वेगाने येणारे, फेसाळलेले, फळे-पाने-लाकडे वाहून आणणारे पाणी, हा हेतू.

तसेच नुसते पिवळेपण हाही हेतू नव्हे. कुठले पान, आणि पानाचा कुठला भाग, हे आधी विचारायचे.

नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम ही द्रव्ये कमी पडली की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्यांना देते. आई आपल्या ताटातले मुलांना वाढते ना, तसे. म्हणून लक्षण आधी खालच्या पानांवर दिसते. नत्र कमी असेल तर पान सगळीकडे सारखे फिके होते. पालाश कमी असेल तर कडा करपतात. मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. लोह आणि कॅल्शियम मात्र एकदा बसले की सहसा हलत नाहीत, म्हणून तिथे शेंड्याची कोवळी पाने आधी बोलतात. लोहाच्या कमतरतेतही शिरा हिरव्या आणि मधे पिवळे असेच दिसते. म्हणजे चित्र एकच, फरक फक्त खाली की वर एवढाच!

हे ज्ञान आले कुठून? 1860 च्या सुमारास जर्मनीत युलियस फॉन झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी रोपे क्षारांच्या पाण्यात वाढवली. एकेक द्रव्य वगळायचे आणि काय बिघडते ते बघायचे. आपल्या भाषेत हा व्यतिरेक.

पण खरी मेख पुढे आहे. द्रव्य नसणे आणि द्रव्य न पोहोचणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाण्याचा पीएच साधारण 5.5 ते 6.5 च्या वर गेला की लोह टाकीत असूनही मुळांना मिळेनासे होते. हवा फार दमट असली की पानांतून पाणी उडत नाही, मग त्याबरोबर जाणारे कॅल्शियमही शेंड्यापर्यंत जात नाही आणि लेट्यूसच्या कोवळ्या पानांची टोके करपतात. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी राहतो, मुळे तपकिरी व बुळबुळीत होतात आणि भरल्या टाकीत रोप उपाशी राहते.

अशा वेळी आणखी खत ओतणे म्हणजे उपायानेच रोग वाढवणे. क्षार वाढले की मुळांना पाणी ओढणे कठीण होते. मातीत थोडी चूक पचते, इथे मात्र सगळी रोपे एकाच टाकीतून पितात, त्यामुळे एका रोपावरून काढलेला चुकीचा निष्कर्ष अख्ख्या पिकाला भोवतो.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी पीएच मोजा, मग क्षारांचे प्रमाण दाखवणारा ईसी. मग मुळे उचलून बघा. पान शेवटी वाचा. आणि लोहाची शंका असेल तर टाकीला हात न लावता एकाच पानावर लोहाचे पातळ द्रावण लावा. काही दिवसांत तेवढेच पान हिरवे झाले, तर लोह तिथे पोहोचत नव्हते हे कळले. टाकीत असूनही ते मिळत नव्हते का, याचा अंदाज पीएचवरून येईल. ज्ञान खरे की खोटे हे त्यावरून केलेली कृती सफळ होते का यावरून कळते. नैयायिक याला प्रवृत्तिसामर्थ्य म्हणतात.

पुढच्या वेळी आपण हेत्वाभासांकडे वळू. तोवर घरातल्या कुंडीतले एखादे पिवळे पान नीट बघून ठेवा. खालचे आहे की वरचे, एवढे जरी पाहिलेत तरी पुरे.